मिस्त्रींची पहिली फेरी

“गाडी बोलता हा, जरा गप ऱ्हवा.” पुढच्या टायरवर दोन्ही तळवे टेकवून मिस्त्री असं म्हणाले की आमचं अख्खं गॅरेज गप्प व्हायचं. हेसुद्धा. हे म्हणजे माझे यजमान, गॅरेजचे मालक. घरी जेवतानाही ज्यांचं तोंड बंद नसायचं, ते!

मला सांगा, राग येणार नाही का? अंधेरीच्या त्या शेडमध्ये मीही पंधरा वर्षं उभी होते. आधी डबा घेऊन जायची, मग पाने हातात देता देता शिकले. क्लच घसरतोय की बेअरिंग रडतंय, मला कळायचं. पण मी काही म्हटलं की हे विचारणार, “मिस्त्रींना विचारलंस?” आणि मिस्त्रींनी तेच सांगितलं की, “वा! याला म्हणतात कान!” अहो, आमचं मांजरसुद्धा दूध माझ्या हातचं प्यायचं आणि झोपायचं मिस्त्रींच्या पायाशी.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पण मालवणकडचे ते, गोड. चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचे. त्याचाही मला राग.

त्यांचा एक नेम होता. स्टिअरिंगचं काम केलं की पहिल्या फेरीला शेजारी स्वतःच्या बायकोला बसवायचं. म्हणायचे, “आपला माणूस बसवूचो धीर नाय, तर लोकांची गाडी कित्याक उघडायची?” बायको चांगलं पातळ नेसून, गजरा माळून यायची, जणू चौपाटीला निघालीय. यांनी मला कधी गॅरेजातल्या गाडीत बसवलं नाही हो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दहिसरच्या एका खाणवाल्याने जुना ट्रक आणला, चारही चाकं ओढणारा. स्टिअरिंग इतकं जड की ड्रायव्हरचे खांदे निखळायचे. मिस्त्रींनी भंगारातून कुठल्याशा परदेशी ट्रकचं पॉवर स्टिअरिंग शोधून आणलं. त्याची पेटी जुन्या जागी मावेना, म्हणून पट्ट्या जोडून वर चढवली. त्यामुळे पेटीकडून चाकाकडे जाणारा लांब रॉड तिरका झाला.

शुक्रवारी जॅक काढला. ट्रक स्प्रिंगांवर बसला, आणि रिकाम्या केबिनमधलं स्टिअरिंग आपोआप वीतभर फिरलं. मिस्त्री खाली वाकले होते. पाहिलं फक्त मी. म्हणजे खड्ड्यात चाक खालीवर झालं की तिरका रॉड ओढला जाणार आणि ट्रक आपणहून वळणार!

मी बोलले नाही. पडू दे एकदा तोंडावर, म्हटलं. दोन दिवस स्वयंपाक करताना मी चक्क गुणगुणत होते.

रविवारी सकाळी बायको आली. पहिल्या फेरीला शेजारी ती बसणार, हे सुचलंच नव्हतं मला, बघा. पायरी उंच, म्हणून मिस्त्रींनी तिच्यासाठी लाकडी खोका ठेवला. ती वर चढली, पदर सावरून बसली आणि माझ्याकडे बघून हसली. इंजिन सुरू झालं. फाटकाबाहेर हा एवढा खड्डा, आणि शेजारी नाला.

“थांबा!” मी ट्रकपुढे धावले. “रॉड तिरका आहे! स्टिअरिंग आपणहून फिरतंय!”

“अगं, मिस्त्रींनी बघितलंय ना...” हे सुरू झाले.

मिस्त्री उतरले. बायकोला उतरवलं. जॅक लावून ट्रक उचलला, पुन्हा खाली घेतला, या वेळी नजर केबिनकडे. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलंय मी. वहिनींनी वाचवल्यानी.”

इतकं सोपं. लाज नाही, सबब नाही. आयुष्यात त्यांचा सगळ्यात जास्त हेवा मला तेव्हा वाटला. शुक्रवारीच पाहिलं होतं, हे सांगायला तिथल्या तिथे मीही तोंड उघडू शकले असते. नाही उघडलं.

जुनी जागा कापून मोठी केली, पेटी खाली घेतली, रॉड सरळ झाला, ट्रक दहिसरला गेला. पुढे मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “वहिनींची नजर बघा!” हेही मग प्रत्येक कामात मला विचारू लागले. हवं होतं ते सगळं मिळालं मला.

मिस्त्री वारले तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते. बायकोने माझे दोन्ही हात धरले. “तुमी नसतास तर मी खय असतंय?” मग जमलेल्या शेजारणींना तिने ती हकीकत पहिल्यापासून सांगितली. तिची हकीकत रविवारी सकाळी सुरू होत होती. मी हात तिच्या हातात तसेच ठेवून, मान डोलावत ऐकत बसले.