पाचवीआधी मोजायचं नाही

“बायतीन शे, दार लावा.”

आबा हे मान वर न करता म्हणायचे. आत येणारा शिपाई असो की प्राचार्य, वाक्य तेच आणि आवाजही तोच. बाळंतीण म्हणजे पिंजऱ्यातली पांढरी उंदरीण, हे नव्या माणसाला उमगेपर्यंत तो दार धरून तसाच उभा राही, आणि आबा आणखी चिडत.

आमच्या फार्मसी कॉलेजच्या मागे पत्र्याच्या छपराची एक खोली होती. प्रयोगांना लागणारे उंदीर तिथे वाढवले जात. मी औषधशास्त्र शिकवायची, आबा उंदीर सांभाळायचे. कागदोपत्री ते शिपाई होते, रोज ब्राह्मणपुरीहून सायकलने यायचे. पगार एका कामाचा आणि जीव दुसऱ्याच कामात, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सातपुड्याच्या पायथ्याची थंडी त्या पत्र्यातून सरळ आत उतरायची. हीटर मागितला की ‘प्रस्ताव पाठवा’ असं उत्तर मिळे. पिंजऱ्यांवर बल्ब लावले होते, पण लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. मग आबा होस्टेलच्या मेसच्या चुलीत विटा तापवत, गोणपाटात गुंडाळत आणि पिंजऱ्यांखाली सरकवत. घरट्याला केळीची वाळलेली पानं फाडून देत. पहिल्या वर्षी त्यांनी हौसेने घरचा कापूस आणला होता. त्याचे तंतू पिलांच्या पायांना गुंडाळले आणि दोन पिलांचे पाय काळे पडले. “मन्हाच कापूसनी फास दिधा,” एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत गेला.

त्यांचा आणखी एक नियम होता. पिलं झाली की पाच दिवस मोजायची नाहीत. पाचव्या संध्याकाळी पिंजऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं, आईला भिजवलेले हरभरे द्यायचे, मग मोजायचं. आम्ही शिकलेली माणसं हसायचो. “मॅडम, तुम्ही शिकेल शेतस,” ते म्हणत, “पन पाचवी लगून हात लावानं नही.” खरं म्हणजे पुस्तकातही हेच लिहिलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत घरटं हलवलं तर उंदरीण घाबरून पिलं खाते. मी ते दरवर्षी वर्गात शिकवत होते.

त्या हिवाळ्यात खोली बंद करायची चर्चा सुरू झाली. प्रयोग आता कॉम्प्युटरवर होतात, उंदीर हवेत कशाला? खोली ठेवायची तर थंडीतही पिलं जगतात हे दाखवा, असं ठरलं. तीन माद्या गाभण होत्या. आबा सकाळी सातला येऊन अंधार पडेपर्यंत तिथेच बसू लागले. खोली गेली तर ते गेटवर जाणार होते, आणि गेटवर त्यांना कुणाचं बाळंतपण करायचं होतं?

तिघी एकाच दिवशी व्यायल्या. त्यानंतर थंडीने कहर केला. तिसऱ्या दुपारी प्राचार्यांचा निरोप आला की मीटिंग चारला आहे, पिलांचा आकडा द्या. मी खोलीत गेले.

“पाचवी व्हवू द्या, मंग मोजा,” आबा म्हणाले. “मी इटा तपाडी लयस. दार लावी ल्या.”

ते गेले. घड्याळात साडेतीन झाले होते. मी दार लावलं आणि तिन्ही घरटी एकेक करून उघडली. हात गार होते. गुलाबी पिलं बोटांखाली वळवळली. सव्वीस. आकडा कागदावर लिहिला, पानं जशीच्या तशी झाकली आणि मीटिंगला गेले. आकडा ऐकून प्राचार्य खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिंजरे रिकामे होते. तिसऱ्यात चार पिलं उरली होती, तीही संध्याकाळपर्यंत गेली.

आबांनी विटा पाहिल्या, त्या कोमट होत्या. बल्ब चालू होता. मग त्यांनी उदबत्ती पेटवली आणि गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेने ती फिरवत राहिले. धूर कुठे हलतो, ते पाहत होते. कुठेच हलला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, वारा कोठून घुसना?”

सांगायला हवं होतं. “थंडीच फार पडली, आबा,” मी म्हणाले.

महिन्याभरात खोली बंद झाली. आबा गेटवर बसले, मला नमस्कार करत राहिले, आणि मग निवृत्त झाले. सांगायचं म्हणून मी दोनदा ब्राह्मणपुरीला निघाले आणि दोन्ही वेळा शहाद्याच्या बाजारातून परतले.

तिसऱ्यांदा गेले ती त्यांच्या दहाव्याला. त्यांच्या मुलीने मला ओळखलं, हात धरून आत नेलं. म्हणाली, “बाबा शेवटलोंग तेच इचारेत, मॅडम. वारा कोठून घुसना? मन्हा हाते काय चूक व्हयनी?”

तिने चहा दिला. मी तो प्यायले.