बारा मागांचा मालक

सुरतेत, उधन्याच्या एका गल्लीत बारा माग माझ्या नावावर चालतात. त्यातला एक खिळासुद्धा माझा नाही. मी तिथे मास्तर आहे. म्हणजे कारागिरांवर लक्ष ठेवायचं, बिघडलेला माग चालू करून द्यायचा आणि शेठच्या शिव्या खाली पोचवायच्या. वीस-बावीस वर्षं हेच करतोय.

शेठचे एकाच पत्र्याखाली अठ्ठेचाळीस माग. काही वर्षांपूर्वी त्यानं मला ऑफिसात बोलावलं आणि खुर्ची दिली. शेठनं खुर्ची दिली की माणसानं सावध व्हावं, पण मी बसलो. तो म्हणाला, “मास्तर, सरकारने अब सब सरल कर दिया. छोटा कारखाना खोलो, कोई पूछने नहीं आएगा.” मोठ्या कारखान्याचे कागदावर चार छोटे करायचे होते. एक बायकोच्या नावानं, एक भावाच्या, एक मुलाच्या. चौथ्यासाठी घरातलं माणूस उरलं नव्हतं. “तू भी तो घर का आदमी है,” तो म्हणाला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. इतक्या वर्षांत मला त्यानं घरचा म्हणायची ती पहिलीच वेळ.

शेठच्या मुलानं माझं आधार कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं, माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला. मग एक लांब यादी उघडली. आग विझवायचं साधन आहे, वायरिंग ठीक आहे, मागातून सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा टोकदार धोटा उडाला तर त्याला अडवणाऱ्या जाळ्या आहेत. प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. मी बारावी शिकलोय, वाचता येतं. म्हटलं, “जाळ्या तर नाहीत.” तो म्हणाला, “फक्त टिक करवानी छे, काका,” आणि माऊस माझ्या हातात दिला. मी सगळ्या चौकोनांत टिक केली. पंधरा मिनिटांत राज्यात एक उद्योजक वाढला. पुढे रस्त्यावर नव्या उद्योगांच्या आकड्याचं मोठं होर्डिंग लागलं, तेव्हा त्यात एक मीही आहे हे मी सायकल थांबवून बघितलं होतं.

हे घरी तेवढं सांगितलं, बाकी कुणाला नाही. बायको म्हणाली, “मालक व्हयनात ना, मंग नळनं पानी तरी भरी ल्या.”

आधीचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पूर्वी तपासायला साहेब यायचे, फाफडा-जलेबी खायचे, मिठाईचा खोका घ्यायचे आणि जायचे. एका परवान्यासाठी शेठला महिनोन्महिने खेटे घालताना मी पाहिलंय. पण एकदा एक खडूस साहेब आला होता. त्यानं मिठाईला हात लावला नाही आणि मोटारींच्या पट्ट्यांवर झाकणं बसवूनच गेला. ती झाकणं अजून आहेत. त्याच्यानंतर असा कुणी आला नाही, आणि आता तर येण्याचं कारणच उरलं नव्हतं. मी सगळं ठीक आहे म्हणून सांगून टाकलं होतं.

माझ्या नावावरच्या बारांतल्या सात नंबरच्या मागावर माझा चुलतभाऊ होता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. अमळनेरहून मला सुरतेला आणलं त्यानं, माग शिकवला त्यानं, पहिलं वर्षभर त्याच्याच खोलीत मी जेवलो. तो मला म्हणत होता, “भाऊ, सात नंबरले जाळी बसाडी दे ना. धोटा उडस.” मी म्हणायचो, शेठला सांगतो. दोनदा सांगितलंही. तिसऱ्यांदा सांगायचा मला कंटाळा आला. खरं तर शेठचं तोंड बघायचा कंटाळा आला.

एका दुपारी धोटा उडाला आणि सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात बसला. मागांच्या खडखडाटात त्याची किंकाळी कुणाला ऐकू आली नाही. माग बंद का पडला म्हणून मी बघायला गेलो, तर तो दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसलेला.

दवाखाना शेठनं केला, खोटं कशाला बोलू. पण डोळा गेला. मी शेठला म्हणालो, आता याला भरपाई द्यायला हवी. शेठ शांतपणे म्हणाला, “मैं कौन देनेवाला? मैं तो जगह का मालिक हूँ. कारखाना तेरा है.” तो हसलाही नाही. मी म्हटलं, मग माझं नाव काढून टाका. त्यावर त्याच्या मुलानं कॉम्प्युटर उघडून दाखवलं. कारखाना सुरू करायला एक ओटीपी लागला होता. बंद करायला विजेचा दाखला, कराचा दाखला, कामगारांचं कसलंही देणं नाही असा दाखला, आणि त्याखाली मालकाची सही. कामगाराचं देणं नाही असं लिहून द्यायचं होतं, आणि तेही मीच. नोकरी सोडून गावी जावं तर तिथेही नोटीस माझ्याच नावानं येणार. बाहेर पडायला फटच दिसेना. त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हतं, बायकोवर विनाकारण खेकसत होतो.

महिन्याभरानं, रविवारी, चुलतभाऊ आणि वहिनी आमच्या खोलीवर आले. वहिनीला गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की कामगार कचेरीत अर्ज दिला तर भरपाई मिळते. गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहितो. रेशनचे, शाळेचे, नळाचे. वहिनीनं कोरे कागद सोबतच आणले होते. तो काळा चष्मा लावून खाटेवर बसला आणि सांगू लागला. तारीख, माग कोणता, काय झालं. मी लिहीत गेलो. मग तो म्हणाला, “आते मालकनं नाव लिख.”

मी शेठचं नाव लिहू शकलो असतो. पण कागदोपत्री ते खोटं ठरलं असतं आणि अर्ज पहिल्याच टेबलावरून परत आला असता. मी माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

वहिनी म्हणाली, “हाई काय? तुमनं नाव काबर?”

मग मी सगळं सांगितलं. खुर्ची, ओटीपी, ते चौकोन. जाळ्या आहेत असं मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं. चुलतभावानं खाली बघतच विचारलं, “म्हनजे हाऊ कागद दिधा, तं तुले धरतीन?”

“हां,” मी म्हटलं. “पण तू दे. मालक म्हणून कबुलीची सही मी करतो, दे तू.”

तो म्हणाला, “भाऊवर कागद करसू का मी?” वहिनीनं त्याचा हात धरला, पण त्यानं अर्ज माझ्या पुढ्यातून ओढून घेतला, दोनदा घडी घातली आणि फाडला. वहिनी रडायला लागली. माझ्या बायकोनं तिला आत नेलं.

दे, दे असं मी आणखी दोनदा म्हणालो. नवा कागद शेजारीच पडला होता, तो मात्र मी उचलला नाही. खरं सांगायचं तर, त्यानं अर्ज फाडला तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं.