कीलवरचा हात

होड्या दुरुस्त करायच्या आमच्या आवारात त्याला सगळे गंजोबा म्हणत. शिडाच्या होडीच्या पोटाखाली जड लोखंडी कणा असतो, त्याच्यामुळे होडी वाऱ्यात कलंडत नाही. त्याला कील म्हणतात, आणि ती दुरुस्त करण्यात गंजोबाचा हात धरणारा कोणी नव्हता. मी शेजारच्या शेडमध्ये शिडं शिवते. बावीस वर्षं त्याच्या ग्राइंडरची किरकिर सोसली आहे, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मी कमावलाय.

कामात तो महाखडूस. कील घासून, गोड्या पाण्यानं धुऊन लख्ख झाली, की चार तासांत पहिला रंग लागलाच पाहिजे, आणि तोवर उघड्या लोखंडाला कुणी हात लावायचा नाही. घामातलं मीठ राहतं आणि रंगाखालून गंज फुटतो. एकदा एका मालकानं कौतुकानं कील थोपटली, तर ह्यानं मालकाच्याच हाती फडकं देऊन ती पुसून घेतली.

त्याची मुलगी चार वर्षांची असताना तिनं एका निळ्या होडीच्या उघड्या कीलवर तळवा टेकवला. तो खेकसला. पोर रडायला लागली, तिची समजूत काढण्यात वेळ गेला, चार तास संपत आले आणि त्यानं ती जागा न धुता तसाच रंग मारला. आयुष्यातली त्याची ती पहिली हयगय. दोन महिन्यांनी मुलगी तापानं गेली. तीन दिवसांत.

पुढच्या वर्षी निळी होडी पाण्यातून वर काढली, तर रंगाच्या पाच थरांमधून गंजाचा हात उमटलेला. एवढासा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, धावत आली आणि लोखंडाला गाल लावून बसून राहिली. मुलगी गेल्यापासून त्या रात्री ती पहिल्यांदा पोटभर जेवली, असं तो मला म्हणाला.

मग दरवर्षी हात यायचा, आणि दरवर्षी थोडा मोठा. मला आधी वाटलं, गंज पसरतोय. पण गंज पसरला तर डाग फुगतो. इथे बोटं लांब होत होती. सातव्या वर्षी मी माझी टेप लावून पाहिली, तर तो जिवंत असती तर तिचा झाला असता तेवढा भरला. आवारातली धट्टीकट्टी माणसं त्या होडीला वळसा घालून जायची. वहिनी मात्र त्या एका सकाळसाठी वर्ष ढकलायची. "मोठी झाली हो लेक," म्हणायची. माझ्या जिभेला हाड नाही, पण तिथे मी गप्प बसायचे.

सतराव्या वर्षी मी माझी कात्री शोधत त्याच्या शेडमध्ये शिरले. खिळ्याला शिडाच्या कापडाचे हात टांगलेले होते, माझ्याच चिंध्यांतून कापलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. कापडी हात कीलवर चिकटवायचा, भोवती रंग द्यायचा, मग कापड सोलून तिथे मिठाचं पाणी चोळायचं. सगळा उलगडा झाला.

"गंजोबा, काय चालवलंयस हे?"

"पहिला हात खरा होता, ताई. दुसऱ्या वर्षी आला नसता तर तुझी वहिनी जगली नसती."

"आणि होडीतली माणसं?" मी त्याचीच हातोडी उचलली आणि निळ्या होडीखाली जाऊन त्या हातावर ठोकली. मोठा पापुद्रा गळून पडला. आत बोटभर खड्डा, थेट कील धरून ठेवणाऱ्या बोल्टपर्यंत. "दोन मुलं घेऊन फिरतात ती. भर समुद्रात कील निखळली तर?"

त्यानं खड्ड्यात बोट घालून बोल्ट चाचपला. मग ग्राइंडर सुरू केला. गंज मुळापासून काढला, बोल्ट बदलला, खड्डा भरला, वेळेत रंग दिला. जस्ताचे नवे तुकडेही बसवले, कारण खारं पाणी आधी जस्त खातं आणि लोखंड वाचतं. कापडी हात मी जाळून टाकले. "पुढच्या वर्षी तिला काय दाखवू?" एवढंच तो विचारत राहिला. वर्षभरात निम्मा झाला.

यंदा निळी होडी वर आली. वहिनी आधीच येऊन उभी होती. शेवाळ धुतलं गेलं आणि गंजोबाच्या हातातला पाण्याचा पाइप गळून पडला.

कीलवर गंजाच्या रंगाचा हात होता. एवढासा. चार वर्षांच्या मुलीचा.

त्यानं बोट फिरवलं. ना खड्डा, ना पापुद्रा, खालचा रंग शाबूत.

"हा मी नाही केला," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "मोठे हात तुमचे होते. तुम्ही एवढं राबत होतात, म्हणून मी बघायला येत होते. गेलेलं लेकरू कुठे वाढतं का?"

तिनं त्या हातावर तळवा ठेवला. गंजोबा लहान मुलासारखा रडत होता.

"लोखंड फार गार आहे हो," ती म्हणाली. "लावा रंग. उघड्यावर नको ठेवायला तिला."