आठ मशिनी आणि एक डोकं

घरातलं माणूस गेलं की त्याच्या कपड्यांचं, चष्म्याचं, औषधाच्या बाटल्यांचं काय करायचं ते कोणी ना कोणी सांगतं. किश्शांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. ते आपले साठत जातात. माझ्या बायकोच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, चामोर्शीत मंडपभर माणसं आली होती, निम्मी तिच्या हाताखालून गेलेली. वंदना झाली, दोन शब्द बोलायला एकेक जण उठू लागला, आणि तिसऱ्या माणसापासून मंडप हसायला लागला! मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मलाही आवरलं नाही. तेव्हापासून बाजारात, स्टँडवर जो भेटतो तो एखादा किस्सा हातावर ठेवून जातो. त्यांतले काही इथे देतो.

शकुंतला तिचं नाव, पण गाव तिला रामटेके बाई म्हणायचं. ती टायपिंग क्लास चालवायची आणि तिचं डोकं रोज दुखायचं. रोज म्हणजे रोज, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून. महिन्यातून दोन-तीनदा खरी अर्धशिशी यायची: आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक, मग अर्धं डोकं, मग उलट्या. ती गेली ती काविळीने. डोक्याचा त्यात काही संबंध नव्हता. लोक विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

*

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं, "शांत खोलीत राहत जा. खडखडाट टाळा."

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी ऑफिसं उघडत होती, टेबलं येत होती, टेबलांवर टाइपरायटर येत होते, पण त्यांच्यापुढे बसणारं माणूस मिळत नव्हतं. बाहेरून टायपिस्ट यायचा आणि दोन महिन्यांत बदली करून पळायचा. शकुंतला लग्नाआधी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली.

डॉक्टरांकडून आल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या दारात ट्रक थांबला. त्यातून आठ जुन्या मशिनी उतरल्या आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या.

मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"शांत खोलीतही दुखतेच ना, गुरुजी? मंग इथी दुखू दे. आठ जणांच्या नोकऱ्या तरी लागतील!"

मी हायस्कुलात शिकवतो. रोज दीडशे पोरांना उत्तरं देतो. त्या दिवशी मी फडकं घेऊन मशिनी पुसायला लागलो.

*

आमच्या घरासमोरून एस.टी.चा रस्ता जातो. तिने डोकेदुखीची वर्गवारी गाड्यांवरून केली होती. 'साधी' म्हणजे रोजची, सगळीकडे थांबत थांबत येणारी. साधीत ती स्वयंपाक करायची, क्लास घ्यायची, भांडायचीसुद्धा. 'जलद' म्हणजे दुपारी येऊन दिवे लागायच्या आत निघून जाणारी. आणि 'मुक्कामी' म्हणजे गावात येऊन उभी राहिली की दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत न हलणारी. मुक्कामी आली की ती मशिनींच्या खोलीला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत चटईवर पडायची. मध्ये फक्त एक पडदा.

विद्यार्थी दारातूनच विचारायचे, "बाई, आज कोणती गाडी?"

एकदा मुक्कामी आली असताना मी म्हटलं, "आज क्लासला सुट्टी दे."

पडद्यामागून आवाज आला, "गाडी आली म्हणून कोणी स्टँड बंद करते काय?"

*

मडावीचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. हा एटापल्लीकडच्या जंगलातला, दोन मुलींचा बाप, लाकूड डेपोत रोजंदारीवर. नोकरीच्या वयाची मर्यादा त्याला येऊन भिडली होती. टायपिंगची सरकारी परीक्षा हुकली तर टायपिस्टची नोकरी हुकली, हे त्यालाही माहीत होतं आणि बाईलाही.

तो पहिल्या दिवशी आला तेव्हा एप्रिल महिना. पत्र्याची खोली तापलेली. शकुंतलाने नेहमीप्रमाणे ओला टॉवेल कपाळाभोवती घट्ट आवळून बांधला होता, आणि उन्हाने हैराण झालेल्या दोन-तीन जणांनीही बांधले होते. मडावीने सगळं नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो कोरा पांढरा टॉवेल घेऊन आला. बादलीत बुडवला, पिळला, डोक्याला बांधला आणि मग मशीनला हात लावला. पावसाळा आला, थंडी आली, बाकीच्यांचे टॉवेल सुटले. याचा सुटेना. डिसेंबरात तो कुडकुडत, नाक ओढत टाइप करत होता, तेव्हा क्लासमधल्या सुनंदाने विचारलं, "काय बे मडावी, थंडीत काऊन बांधून राह्यला?"

"बिना टॉवेलची टायपिंग होते काय?" मडावी म्हणाला.

नऊ महिने त्याला वाटत होतं, हा टायपिंगचा नियमच आहे! खरं कळल्यावरही त्याने तो सोडला नाही. म्हणाला, "आता बोटायले सवय झाली."

*

डोकेदुखीवर प्रत्येकाकडे औषध असतं. कोणी सूर्य उगवायच्या आत जिलेबी खा म्हणालं, कोणी नाकात तूप सोडा म्हणालं. बाई सगळं करायची आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सांगायची, "थोडा फरक पडला."

मडावीच्या आईने जंगलातला कसलासा पाला वाटून आणला. बाईने लेप लावला, म्हणाली, "फरक पडला." झालं! म्हातारी दर पंधरवड्याला दोन गाड्या बदलून पाला घेऊन हजर. चार महिने चाललं. शेवटी शकुंतलाने मन घट्ट केलं. तिला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "आई, खरं सांगतो, पाल्यानं काई फरक नाई पडला."

म्हातारी शांतपणे भात कालवत म्हणाली, "मले पहिल्या दिवशीच समजलं होतं ना, बाई. तुमच्या इथी आलं का मले बरं वाटते, म्हणून येतो."

पुढेही ती येत राहिली. पाला मात्र आणायची नाही.

*

उपाशी राहिलं की शकुंतलाचं डोकं हमखास उठायचं, म्हणून तिच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या. क्लासलाही तोच नियम तिने लावला: उपाशी पोटी मशीनला हात लावायचा नाही. खेड्यांवरून पहाटेच्या गाडीने निघालेली पोरं दहाला पोचायची, बहुतेकांच्या पोटात काही नसायचं. दाराशी भाताच्या पेजेचं पातेलं ठेवलेलं असे. वाटीभर पिऊनच आत.

एकाने लाजत म्हटलं, "बाई, माझं डोकं नाई दुखत."

"दुखाची वाट पाहून राह्यला काय? पी!"

त्या दिवशी मंडपात एक चांगलं पोट सुटलेला क्लार्क उठून म्हणाला, "पेज टायपिंगच्या कोर्सातच आहे असं मला परीक्षेपर्यंत वाटत होतं." लोक हसले. तो हसला नाही, खाली बसला.

*

आता तिच्या कानांबद्दल सांगतो. आठ मशिनी एका वेळी चालू असताना मला नुसती गारपीट ऐकू यायची. तिला आठ माणसं ऐकू यायची. डोळे मिटून, टॉवेल बांधून भिंतीला टेकलेली असायची आणि मध्येच म्हणायची, "तीन नंबर, करंगळी उचल." "सहा नंबर, घंटी वाजली, ओळ बदल, कुठी जाऊन राह्यला पुढे?" जोर कमी पडलेला खटका, चुकीच्या बोटाने मारलेला खटका, सगळं तिला वेगळं ऐकू यायचं.

तिच्या कानांची परीक्षा घेण्यासाठी एकदा सुनंदा आणि मडावी गुपचूप जागा बदलून बसले. बाई पडद्याआड होती, मुक्कामी गाडी. दोन ओळी झाल्या असतील.

"मडावी, आपल्या जागेवर जा. सुनंदा, तूही."

मडावी पडद्याकडे पाहत हळूच म्हणाला, "पडद्याले भोक हाय काय?"

"भोक नाई, मडावी," आतून आवाज, "तुझा खटका हाय!"

*

मग अर्ज झाला. कोणी केला ते कळलं नाही आणि तिने कळून घेतलंही नाही. संचालिका कायम आजारी असतात, वर्गाच्या वेळेत झोपलेल्या असतात, झोपून शिकवतात, अशी तक्रार होती. वरून पत्र आलं: अधिकारी केव्हाही तपासणीला येतील, त्यांच्या अहवालावर क्लासची परवानगी अवलंबून राहील. परवानगी गेली तर परीक्षेला कोणालाच बसता येणार नव्हतं. मडावीला तर कायमचंच नाही.

पोरं घाबरली. साहेब येईपर्यंत बाईचं डोकं शांत राहिलं पाहिजे, असं त्यांनी आपसांत ठरवलं. राईस मिलमधून जुनी पोती आणली, घड्या घालून प्रत्येक मशीनखाली दोन-दोन सरकवली. खडखडाट निम्म्यावर आला. सगळे खूष.

बाई आली, भिंतीला टेकली, पाच मिनिटांत उठून उभी राहिली. घाबरलेली. "गुरुजी, मले ऐकू काऊन नाई येऊन राह्यलं?"

पोती दाखवली तेव्हा ती आधी बसली. मग एकेक पोतं स्वतः ओढून काढलं.

सुनंदा रडवेली झाली. "बाई, आवाजानं तुम्हाले त्रास होते ना?"

"होते ना. पण चूक ऐकू नाई आली तर जास्त होते!"

*

साहेब आले त्या दिवशी मी शाळेत होतो. पण हा किस्सा मला सात जणांनी वेगवेगळ्या वेळी सांगितला आहे आणि कोणाच्या सांगण्यात फरक नाही.

दुपारी बाराला जीप थांबली. साहेब, मागे रजिस्टर घेतलेला शिपाई. आणि त्या दिवशी नेमकी मुक्कामी! पहाटेपासून दोन उलट्या झालेल्या, बाई पडद्याआड चटईवर. साहेब आल्याचं आत जाऊन सांगायची कोणाची छाती झाली नाही.

"संचालिका कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलणं मडावीला जमत नसे. "आत हायेत साहेब. झोपल्या."

"वर्ग कोण घेतंय?"

"त्याच."

"म्हणजे त्या झोपून शिकवतात ही तक्रार खरी आहे तर?"

"खरी हाय साहेब," मडावी म्हणाला. "बसून शिकवतात तवा एवढ्या कडक नसतात."

सुनंदाने कपाळावर हात मारला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग खोलीभर नजर फिरवली. चार नंबरचा मुलगा लग्नाला नागभीडला गेला होता, ती जागा रिकामी होती. साहेब शिपायाला म्हणाले, "मीही टायपिस्ट म्हणूनच लागलो होतो. बघू, मशिनी तरी धड आहेत का," आणि खुर्ची ओढून बसले.

मडावीने लगेच बादलीतला टॉवेल पिळून पुढे केला. "साहेब, हे बांधून घ्या."

साहेबांनी तो हाताने बाजूला सारला. "तुम्ही थांबू नका. चालू ठेवा."

सात मशिनी चालू झाल्या. आठवीवर साहेबांचे हात. मडावी म्हणतो, काय वेग होता! पत्रा हलत होता. अर्धं पान झालं असेल.

"चार नंबर."

आवाज बारीक होता, पण सगळ्या मशिनी थांबल्या. साहेबांचीही.

"कोण हाय रे? नवीन दिसते. हात जुना हाय, वेग हाय," पडद्यामागून शब्द एकेक करून येत होते. "पण डाव्या करंगळीचं काम शेजारचं बोट करून राह्यलं. खूप दिवसायची खोड हाय. कोणी टोकलं नाई काय तुले? काढ तो कागद. दुसरा लाव, पहिल्या ओळीपासून."

शिपाई पुढे सरसावला. "अहो बाई, हे तर..."

साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. डाव्या हाताची करंगळी त्यांनी डोळ्यांसमोर धरली. मग कागद काढला. मडावीच्या हातातला टॉवेल घेतला, डोक्याला बांधला, नवा कागद लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.