माईंची गोळी आणि माधव

"माधव गेला," त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात न्यू टाउनच्या ऑफिसात होतो. झोपेतच हृदय थांबलं म्हणे... पंधरा दिवस झाले, तरी मला अजून एका जागी बसवत नाही. रागच येतो त्याचा. अशी कुठे जायची पद्धत असते?

माधव माझा इथला जुना मित्र, औषध कंपनीत होता. बाजारात गेलेल्या औषधांचे दुष्परिणाम तपासायचा. कंपनीने चिंतेवरची एक जुनी गोळी बंद केली, त्या निर्णयात हाही होता. आणि नेमकी तीच गोळी त्याची आई, आमच्या माई, चाळिशीपासून घेत होत्या!

"तूच बंद केलीस? मग मी जगू कशी?" माई कडाडल्या.

मीही विचारलं, इतकी वर्षं चालली ती आताच वाईट कशी झाली? तो वैतागला. "अरे, शरीराला सवय लागते, मग मात्रा वाढत जाते. शांत करणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा, यांत अंतर फार थोडं. तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून चालवून घेतलं. आता बरी औषधं आहेत. पण एकदम सोडली तर फिट यायची."

म्हणून डॉक्टरांनी माईंना दुसरं औषध देऊन तेही हळूहळू कमी करत बंद करायचं ठरवलं. पण आपली माणसं! पुण्याहून कोणी कोलकात्याला निघालं की त्याच्या हाती मेतकुटाचा डबा द्यायचाच. माईंच्या बहिणींनी दुकानांत उरलेल्या जुन्या गोळ्या शोधून त्याही डब्यासोबत धाडल्या, अगदी मायेने. माई दोन्ही औषधं घेत राहिल्या आणि एका सकाळी उठेचनात... हॉस्पिटलातून घरी आणल्यावर माधव आईला एका शब्दाने बोलला नाही. पुण्याला मात्र फोनवर ओरडला, "यापुढे मेतकूटसुद्धा पाठवू नका!" मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. फार हाल झाले दोघांचे, पण अखेर माईंची गोळी सुटली.

परवा तेराव्याला माईंच्या भाच्याने डॉक्टरांना विचारून आणलेली झोपेची सौम्य गोळी त्यांच्यापुढे धरली. माईंनी मान हलवली. "नको रे. माझा मुलगा गेलाय. मला ते नीट कळू दे."

संध्याकाळी त्या गच्चीत गेल्या. गोळी सोडतानाच्या दिवसांत जीव घाबरला की माधव त्यांचा डावा हात धरून तिथे फेऱ्या मारायचा. आता एकट्याच चालत होत्या, डावा हात अंगापासून जरा लांब ठेवून.