अक्काच्या गाण्यातलं भावाचं कडवं

आमच्या भाऊबंदांत लग्नकार्य असलं की बाया अजून अक्काचं गाणं म्हणतात. त्यात धुळ्याच्या भावाची थट्टा आहे. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतं, "बहिणीसाठी गाणं करून घेतलं आणि त्यात स्वतःचीच थट्टा घालायला लावली. मोठ्या मनाचा माणूस." मी हसून मान खाली घालतो. आता वय झालं, हे थांबवलं पाहिजे. मी करून घेतलेलं गाणं वेगळं होतं. ते एकदाच वाजलं, तेही अर्धं.

अक्का माझी मोठी बहीण, चोपड्याकडे दिलेली. दाजींना लकवा झाला तेव्हा मी धुळ्याला कचेरीत कारकून होतो. तिच्याकडे जाऊन मी म्हणालो, "जमीन विकून टाक. धुळ्याला चल, तुझ्यासाठी वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघतो." तिने चहा दिला आणि विळा घेऊन शेताकडे निघाली. मला राग आला. पुढे कित्येक आखाजी मी तिला आणायला गेलोच नाही. लेकीबाळींनी अक्षय्यतृतीयेला माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, आणि त्यांना भावाने आणायचं, ही आमच्याकडची रीत. तिकडे अक्काने विहीर खणली, केळी लावली, तिच्या बांधावर ट्रक उभे राहू लागले. आमच्या गावात मात्र बोललं जाई, भावाने बहिणीला उभं केलं. मी कधी नाही म्हटलं नाही.

नव्वदच्या आसपास एका आखाजीला शेवटी मी तिला आणायचं ठरवलं. लुगडं तर सगळेच देतात, आपण गाणं द्यावं असं मनात आलं. धुळ्यात लग्नांत गाणारा एक जण होता. तो सांगाल तसं गाणं रचून कॅसेट भरून द्यायचा.

"बहीण काय करते?" त्याने विचारलं.

"केळी पिकवते."

"आणि भावाने काय केलं?"

"काही नाही."

त्याने पेटीवरचा हात काढला. "साहेब, भावाचं कडवं नाही तर झोक्याचं गाणं होतं का कधी? विहीर खणून दिली, असं घालू?"

गाण्यातच तर आहे, असं वाटून मी म्हणालो, "घाला."

घरी कॅसेट लावली तर बायको म्हणाली, "तुम्ही विहीर कधी खणली?"

"गाण्यात असंच असतं," मी म्हणालो.

आखाजीच्या दुपारी निंबाला झोके बांधले होते. माहेरवाशिणी जमल्या होत्या, अक्का झोक्यावर होती. मी टेप लावला. पहिल्या कडव्याला बाया टाळ्या वाजवू लागल्या. मग दुसरं आलं, भावाने विहीर खणली, केळी लावली:

"भाऊनी खंदी विहीर व माय, भाऊनी लायी केय…"

सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. अक्काने पाय टेकवून झोका थांबवला.

"बंद कर रे भाऊ ते."

मी बटण दाबलं.

"हाई गानं मन्हं शे का तुन्हं?" माझं का तुझं, तिने सरळ विचारलं.

आमची काकू मधे पडली, "अव माय, भाऊनी हौस शे! ऐकी ले ना."

"हौस शे ते शे. विहीर कोन खंदी? सांग भाऊ, आठे बठ्ठासले सांग."

तिला ते इथे सगळ्यांसमोर माझ्या तोंडून हवं होतं. बायांच्या तोंडी एकदा बसलेलं गाणं कुणी पुसू शकत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी हसण्यावारी नेलं असतं, तर तिची विहीर कायमची माझ्या नावावर झाली असती.

"अक्कानी," मी म्हणालो. "मी एक घमेलंबी उचललं नाही. मी तर तिला जमीन विक म्हणत होतो."

"अरे देवा!" काकूने कपाळाला हात लावला, आणि एवढा मोठा हशा उसळला की निंबावरचे कावळे उडाले. अक्का मात्र हसत नव्हती. तिने पायाने जमीन रेटली, झोका वर गेला, आणि त्याच चालीवर तिने खणखणीत आवाजात उचललं:

"मी खंदी विहीर व माय, मी लायी केय,
भाऊ बसना धुयामा, त्याले कोठे येय?"

भाऊ धुळ्यात बसलेला, त्याला वेळ कुठे! पोरींनी ती ओळ झेलली. शेजारच्या झोक्यांवरून ती परत आली. मग अक्का थांबेचना. विहिरीला लागलेला कातळ आला, दाजींचं औषधपाणी आलं, भाव पाडणारा व्यापारी आला, बांधावरचा ट्रक आला. काकूने माझ्या कचेरीतल्या खुर्चीवर एक ओळ जोडली, तिच्यावर तर बायांनी फेर धरला. घराघरांतून सुना पदर खोचत बाहेर आल्या. अक्काचा आवाज असा चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. ऊन उतरेपर्यंत गाव तिची विहीर गात होतं.

आखाजी सरली. माहेरवाशिणी सासरी निघाल्या, कुणी जामनेरला, कुणी शिरपूरला, आणि गाणं त्यांच्याबरोबर गेलं. अक्काला एसटीत बसवायला मी गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "चाल बेस दिधी भाऊ तू. शब्द मी घाली लिधात."

गाडी हलली तरी ती खिडकीतून मला माझं कडवं म्हणून दाखवत होती. स्टँडवरचे लोक माझ्याकडे बघून हसत होते, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने मी हसत होतो.