अठरा अधिक बारा

माझ्या थोरल्या नणंदेला अख्खं इस्पितळ कुकरबाई म्हणायचं. ऑपरेशनची अवजारं वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत त्या बावीस वर्षं होत्या, आणि तिथलं यंत्र म्हणजे माणूस मावेल एवढा कुकरच. मनगटावर घड्याळ, भिंतीवर घड्याळ, तरी मला विचारणार, "किती वाजले गं?" वन्सं, तुमचं लग्न त्या घड्याळाशीच लावायला हवं होतं, असं मी मनात म्हणायचे. तोंडावर बोलायची टाप नव्हती. माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनीच मला हाताखाली घ्यायला शब्द टाकला होता, आणि आता चौघांचं घर माझ्या पगारावर चालत होतं.

खोलीचा नियम एकच. अवजारांच्या गाठोड्याला पूर्ण दाबाची वाफ सलग तीस मिनिटं द्यायची. मध्ये दाब उतरला, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या सकाळी वन्सं दाढ काढायला गेल्या होत्या. मला म्हणाल्या, "एवढं एक बघशील ना?" अठराव्या मिनिटाला वीज गेली. दाब उतरला. वीज आली तेव्हा वरून ऑपरेशनवाले फोनवर फोन करत होते. दाब चढल्यावर मी बारा मिनिटं दिली. अठरा अधिक बारा, तीस. झालं की! वाफ लागली की गाठोड्याच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा येतात, त्याही नीट उमटल्या होत्या. एक गाठोडं मी वर धाडलं.

दुपारी डबा खाताना मीच शहाणपणा पाजळला. "आज तुमची अठरा मिनिटं वाचवली बघा, वन्सं!"

मऊ भात कालवणारा त्यांचा हात डब्यातच थांबला. सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "वर गेलेलं गाठोडं वापरलं?"

वापरलं होतं. एका बस कंडक्टर बाईच्या पोटाचं ऑपरेशन सकाळीच उरकलं होतं.

"काही होईल का हो तिला?"

"बहुतेक नाही होणार. पण झालंच, तर पोटात पू धरेल आणि डॉक्टर कारण भलतीकडेच शोधत बसतील."

त्यांनी उरलेली गाठोडी परत यंत्रात भरली. मी मागे मागे फिरत होते. "रेघा काळ्या आहेत. वहीत मी तीसच लिहिलंय. तुम्ही आणि मी सोडून कुणाला कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सांगितलं तर तुझी नोकरी नक्की जाते. नाही सांगितलं तर ती बाई कदाचित जाते," वन्सं म्हणाल्या. "नक्की आणि कदाचित, कसं तोलायचं? मला नाही कळत गं."

त्यांच्या तोंडून 'नाही कळत' मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मग मात्र मी पुरती घाबरले. घाबरलं की माझी जीभ सुटते. "तुमच्या सख्ख्या भावाची पोरं आहेत ती! कोण कुठली कंडक्टरीण, तिच्यासाठी त्यांच्या तोंडचा घास काढणार?"

त्या स्टुलावर बसल्या. "तू जा वर. आपण होऊन सांगितलंस तर कदाचित ठेवतील. यंत्र थांबेपर्यंत वाट बघते. नाहीतर मी जाते."

गेले मी. खरंच गेले. वॉर्डात कंडक्टरबाईचे म्हातारे वडील ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होते. मला बघून उठले. "बाई, हिला पाणी कधी द्यायचं?"

"विचारून सांगते," म्हटलं आणि मागे फिरले. डॉक्टरांची खोली दहा पावलांवर होती. मी शेजारच्या संडासात शिरले आणि कडी लावली. लाज वाटते सांगायला, पण तिथेच बसून राहिले.

थोड्या वेळाने बाहेर वन्संचा आवाज आला. "डॉक्टर, सकाळच्या गाठोड्याला पूर्ण वाफ मिळालेली नाही."

डॉक्टर ओरडले. नर्सला हाक मारली, कुठलंसं इंजेक्शन ताबडतोब सुरू करायला सांगितलं. मग विचारलं, "चूक कुणाची?"

मी दाराला कान लावला. देवा, त्यांना स्वतःचं नाव घेऊ दे. बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, दोन शिव्या देऊन सोडतील. मी हात जोडून हेच मागत होते.

"माझ्या भावजयीची," वन्सं म्हणाल्या. "आणि चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या बाईला यंत्रावर एकटी सोडली, ती माझी."

पावलं लांब गेली. मग दारावर हलकी थाप पडली.

"मला माहीत आहे तू आत आहेस. दार उघड." आवाज रडवेला होता. "डॉक्टरांना सांगितलं गं कसंबसं. आता माझ्या भावाला सांगायचंय. मला एकटीला भीती वाटते."